औष्णिक प्रतिमांकन : सूक्ष्मप्लास्टिकचा शोध

पाणी, गाळ वा मातीच्या नमुन्यातील ५ मिमी.पेक्षा लहान प्लास्टिककण त्यांच्या तापण्या-निवण्याच्या रीतीवरून हुडकण्याचे तंत्र. ‘सूक्ष्मप्लास्टिक’ ही संज्ञा ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधील शोधनिबंधापासून रूढ झाली.

तत्त्व : थर्मल कॅमेरा वस्तूतून निघणारे सुमारे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त प्रारण टिपतो. प्लास्टिक आणि खडक यांची उत्सर्जकता पुष्कळदा सारखीच असल्याने न तापवलेल्या नमुन्यात ते वेगळे दिसत नाहीत. म्हणून नमुन्याला दिव्याने उष्णतेचा झोत देऊन तो निवताना सलग प्रतिमा घेतात. पॉलिप्रोपिलीनची उष्णतावाहकता बेसाल्टच्या सुमारे एक दशांश असल्याने दोहोंचा निवण्याचा आलेख निराळा येतो. काळे बेसाल्टकण दिव्याचा प्रकाश अधिक शोषतात. त्यामुळे एखाद्या क्षणीच्या तापमानावर विसंबता येत नाही, निवण्याचा वेगच पाहावा लागतो.

पूर्वतयारी : उदाहरणार्थ, भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव या जलाशयांभोवतीचा खडक दख्खनचा बेसाल्ट आहे. त्याची घनता घ.सेंमी.ला सुमारे २.८ ते ३ ग्रॅम असते. वाळवलेला गाळ संपृक्त मिठाच्या पाण्यात (घनता १.२) ढवळला, की खडकाचे कण तळाशी बसतात. ताडपत्री, खताची पोती, भातलावणीत पाठीवर घ्यायचा प्लास्टिकचा कागद यांत सर्रास असणारी पॉलिइथिलीन व पॉलिप्रोपिलीन मात्र तरंगतात. बाटल्यांचे पीईटी (सुमारे १.३८) वर आणण्यासाठी झिंक क्लोराइडचे जड द्रावण लागते. पालापाचोळ्याचे अवशेष हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करून उरलेला भाग गाळणकागदावर घेतात व कोरडा करूनच तपासतात. ओलावा राहिल्यास बाष्पीभवनाचा गारवा प्रतिमा बिघडवतो.

मर्यादा : वापरलेल्या प्रारणाची तरंगलांबीच १० मायक्रोमीटरच्या आसपास असल्याने त्याहून बारीक कण सुटे दिसत नाहीत. पॉलिइथिलीनचा पातळ पापुद्रा या प्रारणाला बराचसा पारदर्शक असतो. कॅरीबॅगचा तुकडा त्यामुळे निसटू शकतो. कण कोणत्या बहुवारिकाचा आहे, हेही खात्रीने कळत नाही. ते अवरक्त किंवा रामन वर्णपटविज्ञानाने ठरवतात. रामन पद्धतीने सुमारे १ मायक्रोमीटरपर्यंतचे कण तपासता येतात, पण एकेक कण पाहण्यात वेळ फार जातो. संशयित कण आधी झटपट वेगळे काढून हे काम कमी करणे, हाच औष्णिक प्रतिमांकनाचा मुख्य उपयोग होय.