कुरण्टक ते कोरांटी : कुंपणावरच्या एका झुडपाचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, "परभणीत डोंगर कुठाय हो?" प्रश्न रास्त आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना, म्हणजे आपली सगळी काळी जमीन. पण जिंतूरकडे निघालात की नेमगिरीच्या टेकड्या लागतात, माळ लागतो, पायाखाली मुरूम येतो. कोरांटी ही अशा मुरमाड उतारांची. परसात ती नंतर आली.

कधी आली? इथे इतिहासकाराला थोडं जपून बोलावं लागतं. अमरकोश साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्यात या झुडपाचं सर्वसाधारण नाव सैरेयक किंवा झिंटी, आणि पुढे रंगानुसार वेगळी नावं : तांबूस तो कुरबक, पिवळा तो कुरण्टक, निळी ती बाणा किंवा दासी. एका झुडपाच्या रंगांना इतकी नावं लोक कधी देतात? ते रोजच्या पाहण्यातलं असतं तेव्हा. कुरण्टकवरून आपली कोरांटी आली, हे कानालाही पटतं.

आता कालिदास. मेघदूतातल्या यक्षाच्या बागेत माधवीचा मांडव आहे आणि त्याला कुरबकाचं कुंपण आहे. हे वाचलं की आपल्याला लगेच वाटतं, अरे, ही तर आपली कोरांटीची कड! मीही पूर्वी तसंच सांगत असे. पण त्याच काव्यात अलकानगरीच्या स्त्रियांच्या अंगावर सहा ऋतूंची फुलं आहेत, आणि तिथे कुरबक वसंताच्या जागी येतो. आपली कोरांटी फुलते दिवाळीच्या सुमारास, थंडीभर. मग? कुरबक म्हणजे नेमकं कोणतं झाड, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं म्हणणं इतकंच की कुरण्टकाचा धागा पक्का आहे, कुरबकाचा सैल आहे. सैल धाग्याला अभिमान बांधू नये.

युरोपात या झुडपाला बार्लेरिया हे नाव मिळालं ते जाक बारलिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ. लिनेयसनं १७५३ साली काटेकोरांटी आणि बिनकाट्याची जांभळी-गुलाबी-पांढरी कोरांटी, दोन्हींची नोंद केली. गंमत म्हणजे ही बिनकाट्याची आज जगभर 'फिलिपाइन व्हायोलेट' म्हणून विकली जाते. तिचं मूळ घर भारत, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीन! एका रोपवाटिकेत मला तीच कोरांटी 'इम्पोर्टेड आहे सर' म्हणून दाखवली गेली. मी घेतली नाही. घरी होती.

मुंबई इलाख्यात इंग्रजांनी दापोडीला १८२८ मध्ये वनस्पती-उद्यान काढलं. अलेक्झांडर गिब्सन तिथला एक प्रमुख. त्याच्या नावाची बार्लेरिया गिब्सनी सह्याद्रीत आहे. पुढे थिओडोर कुकनं १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याची वनस्पती-सूची छापली. त्या वेळी आपण कुठे होतो? निजामाच्या राज्यात, म्हणजे इलाख्याबाहेर. 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ आला १९९८ साली. मधली नव्वद वर्षं मोजा. आणि याच काळात गावोगावच्या जित्या कुंपणांच्या जागी तारा आणि विटांच्या भिंती आल्या. कोणत्या गावाच्या कडेला कोणत्या रंगाची कोरांटी होती, हे आता म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं. तेही लवकर विचारा.

लावायची कशी, हे अनेकांनी आधीच विचारून ठेवलंय. काळ्या मातीत तिला ऊन मारत नाही, साचलेलं पाणी मारतं. पावसात ही माती फुगते आणि मुळं गुदमरतात. म्हणून उंचवटा करा, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. मृगाच्या पावसात पेराखाली छाटलेली वीतभर फांदी खोचली की सहसा लागते. छाटणी फुलं संपल्यावर, माघ-फाल्गुनात. पावसाळा सरताना कात्री लावलीत तर कळ्याच कापल्या जातात, आणि मुळीच छाटली नाही तर बुडखा उघडा पडून झुडूप नुसतं लाकूड होतं. काटेकोरांटीला हातमोजे घाला. दात दुखला की तिचा पाला चावतात, म्हणून ती वज्रदंती, पण काटे कोणालाही सोडत नाहीत.

बियांचं एक सांगतो आणि थांबतो. वाळलेलं बोंड तडकतं आणि बी लांब उडतं. बी भिजलं की त्याच्यावरची लव फुगून चिकट होते आणि ते मातीला धरून बसतं. डोंगरउतारावर पाण्याबरोबर वाहून जायचं नसेल तर असंच करावं लागतं. तुमच्या अंगणात मात्र ते शेजाऱ्याच्या वाफ्यात जाऊन बसेल, तेवढं त्यांना आधी सांगून ठेवा.