करड्या रंगाचे कोडे

आजोबांचा जुना फोटो स्कॅन करून नव्याने छापून आणावा, रात्री ट्यूबलाइटखाली तो छान काळा-पांढरा दिसावा आणि सकाळी खिडकीपाशी नेताच आजोबांच्या गालावर हिरवट झाक यावी, असा अनुभव तुमच्यापैकी काहींनी घेतला असेल. काही वर्षांनी तोच फोटो तांबूसही होतो. ज्या फोटोत रंगच नाही, त्याला रंग चढतो कसा?

डार्करूममध्ये केलेल्या जुन्या फोटोतला काळा म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. ते दाट असतील तिथे काळे, विरळ असतील तिथे करडे. साध्या इंकजेट प्रिंटरकडे करडी शाई नव्हती. होत्या त्या आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी. फिकट भाग नुसत्या काळ्या ठिपक्यांनी छापला, तर चेहऱ्यावर मिरपूड सांडल्यासारखी दिसे. म्हणून प्रिंटरला हुकूम देणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, तीन रंग मिसळून करड्याचा आभास निर्माण करी. प्रकाश बदलला की या मिश्रणाचा तोल ढळे. शिवाय तिन्ही शाया सारख्या वेगाने उडत नसत. जी टिके तिचा रंग वर येई.

या कोड्याशी एका गायकाचा जवळचा संबंध आहे. ग्रॅहम नॅश हे छायाचित्रकारही. त्यांच्या जुन्या कृष्णधवल फोटोंच्या निगेटिव्ह हरवल्या, हाती उरल्या त्या लहान नमुनाप्रती. त्या स्कॅन करून मोठ्या छापण्यासाठी आयरिस हे यंत्र उपयोगी पडले. ते मुळात छापखान्यांना प्रूफ काढण्यासाठी बनवलेले. किंमत १,२६,००० डॉलर. १९९१ मध्ये नॅश आणि मॅक होल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियात त्यावर ‘नॅश एडिशन्स’ ही मुद्रणशाळा सुरू केली. प्रती देखण्या निघत. पण प्रूफची शाई टिकण्यासाठी केलेलीच नव्हती. ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, उजेडात लवकर फिकी पडणारी. २००५ मध्ये हे यंत्र अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात दाखल झाले.

उत्तराची मोठी पायरी २००० साली आली. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातील मुद्रक जॉन कोन यांनी ‘पिएझोग्राफी’ ही पद्धत आणली. साध्या एप्सन प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढायच्या आणि त्या जागी काळ्याच्याच गडद ते फिकट अशा चार छटा भरायच्या. रंगद्रव्य कार्बनचे, न विरघळणारे. करडा आता मिश्रणाचा राहिला नाही. मात्र मूळ ड्रायव्हरला हा बदल कसा कळणार? तो फिकट करडी शाई पिवळी समजूनच वापरणार! म्हणून शाईबरोबर वेगळी आज्ञावली द्यावी लागली. पुढे रॉय हॅरिंग्टन यांनी ‘क्वाडटोन रिप’ हा ड्रायव्हर माफक किमतीत उपलब्ध केला आणि हौशी छायाचित्रकारांनाही हे जमू लागले.

त्रासही होताच. शाईचे कण बसून नोझल तुंबत, नुसत्या कार्बनचा करडा किंचित तपकिरी दिसे आणि तो प्रिंटर रंगीत कामातून बाद होई. २००५ मध्ये एप्सनने रंगीत शायांच्या जोडीला काळ्याच्या तीन छटा दिल्या, ड्रायव्हरमध्येच कृष्णधवल छपाईची खास सोय केली. रंगीत शाई त्यात लागते, पण छटा सावरण्यापुरतीच.

आपल्याकडे अनेक घरांत निगेटिव्ह उरलेली नाही. आहे ती एकच, कडा झिजलेली प्रत. ती छापायला देताना दोन प्रश्न जरूर विचारा. शाई रंगद्रव्याची आहे का? आणि करडा काळ्या छटांतून निघणार, की तीन रंगांतून? पहिली प्रत ट्यूबलाइटखाली आणि उन्हात, दोन्हीकडे पाहा.

आपल्या जुन्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीत डिंक घोटून करीत. ती काजळी म्हणजे कार्बनच. पोथीचा कागद पिवळा पडला, तरी तिची अक्षरे काळीच राहिली आहेत. आजोबांच्या फोटोलाही तीच शाई मिळायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)