पिलनिट्झची कॅमेलिया

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ, एल्ब नदीच्या काठी पिलनिट्झचा राजवाडा आहे. लोक जातात तो वाडा बघायला. मी गेले तिथल्या कॅमेलियासाठी. वनस्पतिशास्त्र शिकवताना चहाची बहीण म्हणून हिचं नाव मी कायम घेत आले. जपानच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणारं हे झुडूप. त्याला आम्लधर्मी, ओलसर पण पाणी न साचणारी माती लागते. ड्रेस्डेनचा हिवाळा उघड्यावर काढणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने जपानहून आणलेल्या चार रोपांपैकी हे एक, अशी आख्यायिका आहे. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. १८०१ मध्ये दरबारी माळी टेरशेक यांनी ते आजच्या जागी लावलं. सुरुवातीला थंडीत त्याला पेंढा आणि चटयांनी झाकत. पुढे दर हिवाळ्यासाठी भोवती लाकडी घर उभारून आत ऊब ठेवू लागले. जानेवारी १९०५ मध्ये त्या घरालाच आग लागली. बाहेर उणे २० अंश थंडी होती. आग विझवायला मारलेलं पाणी फांद्यांवर गोठलं आणि त्या बर्फाच्या कवचाखाली झाड तगलं. नंतर त्याला पुन्हा धुमारे फुटले.

१९१८ मध्ये सॅक्सनीचं राजेपण संपलं. १९४५ मध्ये ड्रेस्डेन बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं. मग साम्यवादी राजवट आली, तीही गेली. राज्य कोणाचंही असो, थंडीआधी झाड झाकायला माळी हजर होते; नाहीतर ते आज दिसलंच नसतं. १९९२ पासून त्याला रुळांवर सरकणारं, तेरा मीटरहून उंच आणि ५४ टन वजनाचं काचेचं घर आहे. आतली उष्णता, ओल, हवा आणि सावली संगणक सांभाळतो. मे महिन्यात घर बाजूला सरकवतात आणि झाड मोकळ्या हवेत येतं. फेब्रुवारी ते एप्रिल त्यावर हजारो लाल, एकेरी, बिनवासाची फुलं येतात.

झाड आणणाऱ्याचं नाव इतिहासात सहज राहतं, जगवणाऱ्यांची नावं मात्र गळून जातात. तुमच्या वाड्यात, शाळेत, देवळाच्या आवारात जुनं झाड असेल, तर त्याला पाणी घालणाऱ्याचं नाव आजच वहीत लिहून ठेवा.