कोळ्याचें भय

नागपूर हें कोष्ट्यांच्या मागांचें आणि १८७७ सालीं सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचें शहर. येथील ठोक कापडबाजार गांधीबागेंत आहे. अशा बाजारांत गठ्ठ्यांच्या आडून कोळी निघाला कीं केरसुणी उगारली जाते. वस्तुतः कापड कुरतडते ती कसर. कोळी कीटकांवर जगतो, आणि कसरीचा पतंग जाळ्यांत सांपडला तर तोही खातो.

मग हें भय कोठून आलें? त्याचें मूळ फार जुनें आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत कोळ्यांना ‘लूता’ म्हटलें आहे. विश्वामित्रावर कोपलेल्या वसिष्ठांच्या घामाचे थेंब कापलेल्या गवतावर पडले आणि त्यांतून लूता उपजल्या, अशी तेथील कथा आहे. त्यांचे सोळा प्रकार सांगून आठांचें विष कष्टसाध्य व आठांचें असाध्य ठरविलें आहे.

लोकसमजूतही याच वळणाची. अंगावर फोड उठले कीं ‘कोळी मुतला’ म्हणतात. परंतु हे फोड पुष्कळदां नागिणीचे असतात व कांजिण्यांच्याच सुप्त विषाणूंमुळें उठतात. कधीं पेडेरस नांवाचा भुंगेरा त्वचेवर चिरडल्यानेंही त्वचा भाजल्यासारखी होते. नागिणीवर पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झाल्यास गुण अधिक येतो. कोळ्याला दोष देण्यांत हाच मोलाचा वेळ जातो.

घरांतील बहुतेक कोळ्यांचें विष माणसाला बाधत नाहीं. नको असलेल्या कोळ्यावर पेला पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा व त्याला अंगणांत सोडावें. फोडांसाठीं मात्र वैद्य गांठावा.