निवेदन, अनुशेष आणि कोळसा

विदर्भाच्या राजकीय भाषेचा इतिहास लिहायचा झाला, तर 'निवेदन' आणि 'अनुशेष' या दोन शब्दांना स्वतंत्र प्रकरणे द्यावी लागतील. पहिला शब्द मागणी करण्याची रीत सांगतो, दुसरा मागणीचा आशय. विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात व्हावे, असे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरवले. १९६० पासून, काही अपवाद वगळता, हिवाळ्यात मुंबईचे शासन इथे येत राहिले. मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे अडवला जातो, शिष्टमंडळ आत जाते, मंत्र्यांच्या हाती कागद पडतो, छायाचित्र निघते. तो कागद म्हणजे निवेदन. प्रस्तुत लेखात अशा कागदांमधला एकच धागा पाहायचा आहे: कोळशावर खर्च होणारा सार्वजनिक पैसा. या पैशाविषयी विदर्भाने आपल्या प्रतिनिधींना प्रश्न विचारले, पण ते बहुधा 'आमचा वाटा कुठे आहे?' असे होते. 'हा खर्च मुळात का?' हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

या खर्चाची परंपरा वाटते त्याहून जुनी आहे. १८७० च्या दशकाच्या आरंभी वरोऱ्याची कोळसा खाण सुरू झाली, ती सरकारी खाण म्हणून. तिचा कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असे होते. म्हणजे खाण सरकारची आणि तिच्यापर्यंतचा रस्ताही सरकारचा. त्याच दशकात, १८७७ साली, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली. खाजगी उद्योगाच्या धुराड्याआधी सार्वजनिक पैशाची भट्टी पेटलेली असते, ही गोष्ट आपल्या प्रांताने इतक्या लवकर पाहिली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वरोऱ्याची खाण बंद पडली. पैशाची ही वाट मात्र बंद झाली नाही. १९७३ साली दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आले, आणि १९७४ पासून कोराडीच्या चिमण्या शहराच्या उत्तर क्षितिजावर दिसू लागल्या.

याच काळात 'अनुशेष' हा शब्द घडत होता. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांच्याबरोबर ग्रामीण विद्युतीकरणाचाही अनुशेष मोजला. मागासलेपणाला आकडा मिळाला, आणि आकडा मिळाला की भांडता येते. ही त्या शब्दाची मोठी देणगी आहे. परंतु प्रत्येक शब्द काही दाखवतो तसे काही झाकतोही. अनुशेषाच्या हिशेबात वीज ही 'मिळायची राहिलेली' वस्तू होती. ती निर्माण करताना इथे काय साचत राहिले, याला त्या हिशेबात रकाना नव्हता. विदर्भवादी भाषणांत वीज बाहेर जाते आणि राख मागे उरते अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू आली. पण तिचे तात्पर्य 'म्हणून आम्हाला वीज स्वस्त द्या, नोकऱ्या द्या' इथेच थांबत असे.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. कोळशाला अनुदान मिळते हे म्हणणे अर्धेच खरे नाही का? रेल्वे कोळशाच्या भाड्यातून प्रवासी वाहतुकीचा तोटा भरून काढते, हे सर्वज्ञात आहे. राज्यांना स्वामित्वशुल्क मिळते. २०१० साली टनामागे ५० रुपये असा सुरू झालेला स्वच्छ ऊर्जा उपकर २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. पुढे २०१७ मध्ये तो वस्तू व सेवा करातील भरपाई उपकरात विरघळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर काढून कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. तेव्हा कोळसा तिजोरीला देतो, हे निर्विवाद. प्रश्न तो घेतो काय, हा आहे. आणि तो जे घेतो त्यातले बरेचसे 'अनुदान' या नावाने कुठेच लिहिलेले नसते.

जे लिहिलेले असते त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळशाच्या वायूकरणासाठी मंजूर केलेले ८,५०० कोटी रुपयांचे प्रोत्साहन. न लिहिलेले शोधायचे तर नागपूरच्या उत्तरेस जावे. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडचे निकष ठरले. त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यासाठीच्या यंत्रणेपासून सूटच मिळाली. जो खर्च केंद्राने करायचा होता तो श्वसनाच्या आजारांच्या रूपाने लोकांनी केला. अर्थशास्त्राच्या भाषेत हेही अनुदानच. पेंचचे पाणी शेती, शहर आणि वीजकेंद्रे यांत वाटले जाते. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत व पाण्यात पसरली. त्या शेतांचे नुकसान विजेच्या दरात कुठे दिसते?

त्याच वर्षी फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावच्या राख तलावाची पाहणी केली आणि तिथे राख टाकणे थांबवण्याचे आदेश दिले. त्यामागे गावकऱ्यांची निवेदने होती, आणि नागपुरातील सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंटने इतर संस्थांसह २०२१ मध्ये केलेला पाण्याच्या व राखेच्या प्रदूषणाचा अभ्यासही होता. निवेदनाला पुराव्याची जोड मिळाली की लोकप्रतिनिधी हलतो, याचा हा वस्तुपाठ. पण पुढच्याच वर्षी, २९ मे २०२३ रोजी, कोराडी केंद्रात आणखी १,३२० मेगावॉटची भर घालण्यासाठी जनसुनावणी झाली. विरोध झाला, प्रकल्प पारशिवनीकडे हलवावा अशीही मागणी पुढे आली. धूर नको, राख नको, इथे नको, हे सारे मुद्दे रास्त होते. महानिर्मिती ही राज्याच्या मालकीची कंपनी असताना तिच्या नव्या संचांतली गुंतवणूक सौर ऊर्जेऐवजी कोळशात का, हा पैशाचा प्रश्न मात्र या गलबल्यात मागे पडला. प्रकल्प हलवल्याने धुराचा पत्ता बदलतो; तिजोरीचा पत्ता तोच राहतो.

महाराष्ट्राने पैशाचा प्रश्न कधीच विचारला नाही असे नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनी गुहागरच्या जमिनीबरोबरच वीजखरेदी करारही वाचला. वीज घेतली नाही तरी ठरावीक आकार भरावा लागेल, आणि मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी व तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी उभी आहे, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. १९९५ ची निवडणूक या मुद्द्यावर गाजली, करार रद्द झाला, आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर पुन्हा जिवंत झाला. २००१ मध्ये केंद्र बंद पडले तेव्हा टीकाकारांचे गणित बरोबर ठरले होते. यातून दोन धडे मिळतात. करार वाचणारा नागरिक प्रतिनिधीला अडचणीत आणू शकतो. आणि निवडणुकीपूर्वी मिळालेले आश्वासन निवडणुकीनंतरही वाचत राहावे लागते.

त्यासाठी हिवाळी अधिवेशनाइतकी सोयीची जागा नाही. या अधिवेशनात शासन पुरवणी मागण्या मांडते. त्यांत ऊर्जा विभागाची रक्कम असते आणि तिच्यावर आमदाराला कपात सूचना देता येते. नाममात्र रकमेची ही सूचना मंजूर होत नाही, पण मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कामकाजाच्या नोंदीत राहते. याशिवाय तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, विनंती अर्ज समिती आहे. केंद्राच्या प्रोत्साहनाविषयी हेच खासदाराला विचारता येते. मात्र एक भेद सांभाळला पाहिजे. शेतकऱ्याच्या वीजबिलातील सवलत आणि कोळशाला दिलेली सवलत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला हात लावण्याची भीती दाखवून दुसरीची चर्चा टाळली जाते. २०२३ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही नेमकी याच भेदावर उभी आहे: सवलत पंपाला, इंधन सूर्याचे.

शब्दांचा प्रश्न केवळ नागपूरचा नाही. २००९ साली पिट्सबर्गला जी-२० राष्ट्रांनी जीवाश्म इंधनांची 'अकार्यक्षम' अनुदाने बंद करण्याचे वचन दिले. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताच्या आग्रहाने शेवटच्या घटकेला कोळसा 'बंद करणे' याजागी 'कमी करत जाणे' असा बदल झाला. अनुदानांपुढचे 'अकार्यक्षम' हे विशेषण मात्र तसेच राहिले. कार्यक्षम कोणते आणि अकार्यक्षम कोणते हे ठरवायचे कोणी, याचे उत्तर त्या मसुद्यात नाही. एका क्रियापदासाठी राष्ट्रे अडून बसतात आणि एका विशेषणाच्या आडोशाने पंधरा-सोळा वर्षे निघून जातात.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून अधिक काय सांगायचे? निवेदन हा मराठी गद्याचाच एक प्रकार आहे, आणि बहुधा सर्वांत जास्त लिहिला जाणारा व सर्वांत कमी वाचला जाणारा. त्यातली विनवणीची भाषा कमी होऊन हिशेबाची भाषा आली, तर 'अनुशेष' या शब्दालाही नवा अर्थ मिळेल. इथल्या हवेचे, पाण्याचे आणि शेतांचे जे देणे शासनाकडे थकले आहे, तोही अनुशेषच आहे. तो मोजून मागायला हवा, आणि त्यात भर घालणारा नवा खर्च मंजूर होण्यापूर्वीच आपल्या आमदाराला त्याचे कारण विचारायला हवे.