आजीची अमृतधारा

परंड्याला किल्ल्याजवळच्या आमच्या घरी आजी पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घालून ठेवी. तिन्ही घट्ट, पण एकत्र आली की पातळ होत. पाण्यात मात्र ती अमृतधारा मिसळत नसे. बत्ताशावर थेंब मिळतो म्हणून मी खोटंच पोट दुखवून घेई!

२००३ साली इंग्लंडमध्ये लेस्टरला अँड्र्यू ॲबट यांनी कोलीन क्लोराइड आणि युरियापासून असाच द्रव केला. पण तो पाण्यात विरघळे. पाण्यापासून फटकून राहणारे द्रव नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला २०१५ साली झाले. पुढच्याच वर्षी तिथं डेकॅनॉइक आम्ल आणि भूल देण्याचं लिडोकेन यांच्या द्रवानं पाण्यातले कोबाल्टसारख्या धातूंचे आयन ओढून घेतले. बदल्यात थोडं लिडोकेन पाण्यात उतरतं. तेवढ्यासाठी ते पाणी प्यायला मी तरी अजून धजणार नाही.