गोदावरीतली दोन प्रकारची वीज

जामनगरला पोस्टिंग असलेल्या फौजी माणसाला रोझी बंदराकडे जाताना आयएनएस वालसुरा हे नाव भेटतंच. नौदलाचे लोक विजेचं काम इथे शिकतात. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर 1942 मध्ये, ही संस्था सुरू झाली ती मात्र टॉर्पेडो शिकवण्यासाठी. टॉर्पेडोचा आणि विजेचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. जुन्या ब्रिटिश पद्धतीत जहाजावरची वीज टॉर्पेडो शाखेच्याच ताब्यात असे. युद्धात रडार आलं, विजेवर चालणारी यंत्रं वाढली आणि हे काम कुणाच्या तरी जोडकामासारखं चालेना. युद्धानंतर त्यासाठी वेगळी इलेक्ट्रिकल शाखा उभी राहिली.

मी ईएमईचा माणूस, जनरेटरच्या आवाजात नोकरी गेलेली. त्यामुळे भारतीय युद्धनौकांचा इतिहास वाचताना माझं लक्ष क्षेपणास्त्रांपेक्षा स्विचबोर्डाकडे जातं. आणि त्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात अवघड गोष्ट मला आयएनएस गोदावरीची वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये ब्रिटिश लिअँडर नमुन्यावर बांधलेली नीलगिरी 1972 मध्ये नौदलात आली. तिच्यातली वीज ब्रिटिश पद्धतीची, 440 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. त्याच सुमारास सोव्हिएत जहाजंही येत होती, त्यांची वीज 380 व्होल्ट, 50 हर्ट्झ. जोवर ब्रिटिश जहाज ब्रिटिश आणि रशियन जहाज रशियन होतं, तोवर भांडण नव्हतं. पण डिसेंबर 1971 मध्ये छोट्या सोव्हिएत बोटींनी कराचीवर क्षेपणास्त्रं टाकली, आणि तसली क्षेपणास्त्रं मोठ्या जहाजावरही हवीत हे सगळ्यांना पटलं.

गोदावरी ती मागणी घेऊनच कागदावर उतरली. आराखडा आपल्या नौदलाच्या डिझाइन विभागाचा. लिअँडरचंच वाफेवरचं इंजिन, पण सांगाडा मोठा, सुमारे 126 मीटर लांब. वर सोव्हिएत क्षेपणास्त्रं, सोव्हिएत आणि डच घराण्याची रडारं, इटालियन संगणक, ब्रिटिश बनावटीची दोन सी किंग हेलिकॉप्टर्स. बाहेरून पाहणाऱ्याला ही खिचडी मजेशीर वाटते. विजेच्या इंजिनिअरला मात्र इथे घाम फुटतो.

का, ते सांगतो. व्होल्टेज बदलणं सोपं, ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. हर्ट्झ बदलणं तसं नाही. 50 हर्ट्झसाठी बनवलेली मोटर 60 वर चालवली तर ती वीस टक्के जोरात फिरते, आणि तिला पंप किंवा पंखा जोडलेला असेल तर भार जवळजवळ पावणेदोनपट होतो. थोड्या वेळात वास येऊ लागतो, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्या काळात खात्रीचा उपाय म्हणजे एका मोटरने दुसरा जनरेटर फिरवायचा. 60 हर्ट्झवरची बारा पोलची सिंक्रोनस मोटर मिनिटाला 600 फेरे घेते. त्याच शाफ्टवर दहा पोलचा जनरेटर बसवला की 50 हर्ट्झ मिळतात. रडारसारख्या उपकरणांना तर 400 हर्ट्झ लागतात, त्यांचे संच आणखी वेगळे. प्रत्येक संचाला जागा हवी, थंडावा हवा, आणि त्याचं वजन जहाजाच्या तोलात धरावं लागतं.

म्हणून जहाजबांधणीतला वरिष्ठ इलेक्ट्रिकल इंजिनिअर दिवे लावायला शेवटी येत नाही. पोलाद कापण्याआधी त्याला भाराचा तक्ता द्यावा लागतो: बंदरात किती वीज, प्रवासात किती, लढाईत किती. अल्टरनेटर एकाच जागी ठेवायचे नाहीत, कारण एका स्फोटात सगळे गेले तर तोफाही गेल्या. महत्त्वाच्या यंत्राला दोन वेगळ्या वाटांनी केबल. जलरोधक भिंतीतून जाणारी प्रत्येक केबल ग्लँडमधून, नाहीतर एका खोलीतलं पाणी त्या भोकातून शेजारी जाणार. आपल्या घरासारखा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो. एखादी तार जहाजाच्या अंगाला लागली तरी पहिल्या दोषाने पुरवठा तुटू नये, ही त्यामागची कल्पना. अर्थात तो पहिला दोष लगेच शोधावाही लागतो, दुसरा येण्याआधी.

आणि एक गंमत. 60 हर्ट्झचं जहाज आपल्या बंदरात आलं की धक्क्यावरची वीज सरळ घेऊ शकत नाही, कारण देशाचं ग्रिड 50 हर्ट्झचं. तिथेही रूपांतराचा संच लागतो. रशियन जहाजाला हा त्रास जवळजवळ नाही.

गोदावरी 10 डिसेंबर 1983 रोजी नौदलात दाखल झाली. ब्रिटिश सांगाड्याच्या वंशातल्या जहाजावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं चालली, याचं कौतुक खूप झालं आणि ते योग्यच. पण दोन घराण्यांची यंत्रं एका स्विचबोर्डावर नांदवणाऱ्यांची नावं कौतुकाच्या लेखांत मला तरी सापडत नाहीत. मागून गंगा आणि गोमती आल्या, तेव्हा हा मेळ पुन्हा नव्याने शोधावा लागला नाही. डिसेंबर 2015 मध्ये गोदावरी निवृत्त झाली.

कोचीत बांधलेली आणि 2022 मध्ये नौदलात आलेली विक्रांत पाहा: तीन मेगावॅटचे आठ डिझेल अल्टरनेटर, म्हणजे 24 मेगावॅट, आणि सुमारे 2,500 किलोमीटर केबल. जामनगरहून कोचीला जाऊन परत यायचं, तरी एवढं अंतर रस्त्याने पुरं पडतं की नाही ते नकाशावर मोजून बघा.